लस घेऊनही कोविड झाला, मग उपयोग काय? शरीराच्या ‘आठवणी’चं साधं गणित

“दोन-दोन डोस घेतले, तरी झालाच ना!”

आमच्या कळंबमध्ये हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता मोजणं सोडून दिलंय. बोलणारा खोटं बोलत नसतो. त्याने लस घेतलेली असते आणि नंतर त्याचा रिपोर्ट पॉझिटिव्हही आलेला असतो. अडचण पुढच्या वाक्यात आहे: “म्हणजे लस बिनकामाची.” हे वाक्य कोविडपाशी थांबत नाही. कर्जत तालुक्यातल्या एखाद्या वाडीत आरोग्यसेविका बाळाला गोवर-रुबेलाची लस द्यायला जाते, तेव्हा तिलाही तेच ऐकावं लागतं. म्हणून हा विषय एकदा नीट समजून घेऊ. शरीर विषाणूची आठवण कशी ठेवतं, ती आठवण कुठे असते, आणि ती असूनही माणसाला संसर्ग कसा होतो?

प्रश्न एक नाही, दोन आहेत

‘लस चालली का?’ असं आपण विचारतो तेव्हा त्यात दोन वेगळे प्रश्न मिसळलेले असतात. पहिला, विषाणू नाकात-घशात शिरून वाढू लागला का? याला संसर्ग म्हणायचं. दुसरा, त्या संसर्गातून फुफ्फुसांचा गंभीर आजार झाला का, ऑक्सिजन लागला का, जिवावर बेतलं का?

आरटी-पीसीआर टेस्ट फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. नाकातल्या स्वॅबमध्ये विषाणूचं जनुकीय साहित्य सापडलं की पॉझिटिव्ह. नुसतं नाक गळणारा माणूसही पॉझिटिव्ह आणि व्हेंटिलेटरवरचाही पॉझिटिव्ह. लशीचं खरं काम दुसऱ्या प्रश्नात दिसतं. या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी येतात, कारण शरीरात त्या दोन कामांसाठी वेगवेगळी व्यवस्था आहे.

उभं पीक आणि राखलेलं बियाणं

दंडात लस टोचली की तिच्यातला विषाणूचा नमुना जवळच्या लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचतो. काहींच्या काखेत दोन दिवस गाठ दुखते ती याचमुळे, तिथे काम सुरू झालेलं असतं. आपल्या शरीरात कोट्यवधी बी पेशी असतात आणि प्रत्येकीची पकड वेगळ्या आकाराला बसते. ज्या थोड्या पेशींची पकड या नमुन्याला बसते, त्या भराभर वाढतात. पुढे त्यांचे दोन गट पडतात.

पहिला गट प्लाझ्मा पेशींचा. त्या अँटिबॉडी तयार करून रक्तात सोडतात. अँटिबॉडी म्हणजे विषाणूला चिकटून त्याचा पेशीत शिरायचा मार्ग बंद करणारं प्रथिन. यातल्या बहुतेक प्लाझ्मा पेशी काही दिवस-आठवड्यांत मरतात. रक्तातल्या नेहमीच्या अँटिबॉडीही, म्हणजे आयजीजी, साधारण तीन आठवड्यांत निम्म्या होतात. थोड्या प्लाझ्मा पेशी मात्र हाडांच्या मगजात जाऊन बसतात आणि तिथून वर्षानुवर्षं थोड्या-थोड्या अँटिबॉडी सोडत राहतात. त्यामुळे अँटिबॉडीचा आलेख आधी उंच जातो, मग घसरतो आणि शेवटी खालच्या पातळीवर बऱ्यापैकी स्थिरावतो.

दुसरा गट स्मृतिपेशींचा. या बी पेशी अँटिबॉडी बनवत नाहीत. विषाणूची ओळख जपून त्या लसिका ग्रंथींत, प्लीहेत आणि रक्तात शांत राहतात. तोच विषाणू पुन्हा आला की त्या वाढतात आणि नव्या अँटिबॉडीचं उत्पादन सुरू करतात.

भातशेती करणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही. झोडणी झाली की शेत मोकळं दिसतं, पण कणगीत बियाणं राखलेलं असतं. रक्तातल्या अँटिबॉडी हे उभं पीक, स्मृतिपेशी हे राखलेलं बियाणं. शेत मोकळं दिसतंय म्हणून कोणी ‘भात संपला’ म्हणत नाही. पण हेही खरं, की बियाणं घरात असलं तरी पीक दुसऱ्या दिवशी मिळत नाही. राब टाकायचा, रोपं यायची, मग आवणी. मध्ये वेळ जातोच.

(‘बी पेशी’तलं ‘बी’ हे बियाण्याचं बी नाही, इंग्रजी अक्षर आहे. या पेशींचा शोध कोंबडीच्या शरीरातल्या ‘बर्सा’ नावाच्या अवयवामुळे लागला, त्याचं ते आद्याक्षर. पण मराठीत योगायोग छान जुळतो!)

यांच्या जोडीला टी पेशी असतात. विषाणू आधीच ज्या पेशींत शिरला आहे, त्या पेशी ओळखून टी पेशी त्यांना मारतात. संसर्ग होऊन गेल्यावरच त्यांचं काम सुरू होतं, त्यामुळे संसर्ग रोखण्यात त्यांचा वाटा कमी आणि आजार आटोक्यात ठेवण्यात मोठा.

मग संसर्ग होतोच कसा? शर्यत दिवसांची आहे

स्मृतिपेशी जाग्या होऊन भरपूर अँटिबॉडी तयार व्हायला साधारण तीन ते पाच दिवस लागतात. पहिल्यांदाच विषाणू भेटलेल्या शरीराला याच कामाला एक-दोन आठवडे लागतात, त्यामानाने हे खूप लवकर आहे. पण विषाणूलाही स्वतःचा वेग असतो.

शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ फ्लूमध्ये साधारण दोन दिवस, कोविडच्या ओमायक्रॉन प्रकारात साधारण तीन दिवस आणि पहिल्या वुहान प्रकारात साधारण पाच दिवस असतो. गोवराला मात्र ताप-सर्दीपर्यंत १० ते १२ दिवस आणि अंगावर पुरळ यायला दोन आठवडे लागतात.

आता शर्यत लावून बघा. गोवराचा विषाणू संथ आहे. तो आजार घडवण्याच्या आतच स्मृतिपेशी जाग्या होतात, त्यामुळे लस घेतलेल्याला बहुधा काहीच कळत नाही. फ्लू आणि ओमायक्रॉन झपाट्याने वाढतात. रक्तातल्या अँटिबॉडी उतरलेल्या असतील, तर स्मृतिपेशी कामाला लागेपर्यंत नाक वाहू लागलेलं असतं आणि टेस्ट पॉझिटिव्ह आलेली असते. पण कोविडमध्ये फुफ्फुसं बिघडतात ती बहुधा पहिल्या आठवड्याच्या शेवटी किंवा दुसऱ्या आठवड्यात. तोपर्यंत मदत पोहोचलेली असते. म्हणजे पहिली फेरी विषाणू जिंकतो, दुसरी शरीर जिंकतं.

यात जागेचाही प्रश्न आहे. विषाणू शिरतो नाकातून आणि लस टोचतात दंडात. नाक-घशाच्या ओल्या अस्तरावर पहारा देणाऱ्या अँटिबॉडी वेगळ्या असतात, त्यांना आयजीए म्हणतात. दंडातल्या इंजेक्शनने त्या फारशा तयार होत नाहीत. भारत बायोटेकची नाकात थेंब टाकायची लस ‘इन्कोव्हॅक’ याच विचारातून आली. तिला सप्टेंबर २०२२ मध्ये परवानगी मिळाली आणि २६ जानेवारी २०२३ ला ती बाजारात आणली गेली. दारावरच पहारा बसवायची कल्पना चांगली आहे, पण नाकातलं संरक्षण दीर्घकाळ टिकवणं हा आजही अवघड प्रश्न आहे.

आकडे काय सांगतात?

देशात लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोव्हिशील्ड आणि भारत बायोटेकची कोव्हॅक्सिन या दोन लशी होत्या. कोव्हॅक्सिनसाठी लागणारा विषाणू पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेने, म्हणजे एनआयव्हीने, वेगळा काढून दिला होता. काही आठवड्यांतच डेल्टाची दुसरी लाट आली, त्यामुळे लशीची परीक्षा लगेच झाली.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने आपल्या दहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. लस घेतलेल्यांतल्या बहुतेकांनी कोव्हिशील्ड घेतली होती. दोन्ही डोस घेतलेल्यांची लस न घेतलेल्यांशी तुलना केल्यावर धोका असा कमी झालेला दिसला:

- संसर्गाचा धोका: ६५ टक्क्यांनी कमी
- रुग्णालयात दाखल होण्याचा धोका: ७७ टक्क्यांनी कमी
- ऑक्सिजन लागण्याचा धोका: ९२ टक्क्यांनी कमी
- आयसीयूत जाण्याचा धोका: ९४ टक्क्यांनी कमी

मला या चार ओळी कुठल्याही भाषणापेक्षा जास्त बोलक्या वाटतात. वरून खाली येताना आजार गंभीर होत जातो आणि संरक्षण वाढत जातं. लस एकच, माणसं तीच, पण ‘लस किती चालली’ याची उत्तरं चार. संसर्गाच्या ओळीत लस घेतलेले अनेक जण आहेतच, कळंबमध्ये भेटतात ते तेच. आयसीयूच्या ओळीत मात्र ते क्वचित आहेत.

एनआयव्हीनेही दुसऱ्या लाटेत १७ राज्यं-केंद्रशासित प्रदेशांतल्या ६७७ जणांचे नमुने तपासले. लशीचा एक किंवा दोन डोस घेऊनही या सगळ्यांना संसर्ग झाला होता. त्यातल्या ८६ टक्के नमुन्यांत डेल्टा सापडला. रुग्णालयात दाखल करावं लागलं ९.८ टक्क्यांना आणि मृत्यू झाला ०.४ टक्के, म्हणजे तिघांचा. इथे तुलनेसाठी लस न घेतलेले लोक नव्हते, त्यामुळे एवढ्यावरून लशीची टक्केवारी काढता येत नाही. पण चित्र वेल्लोरशी जुळणारंच आहे.

‘रुग्णालयातले निम्मे लस घेतलेले!’

असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर मलाही आला होता. तो खरा असू शकतो, तरीही लस उत्तम चालत असू शकते. कसं, ते एका काल्पनिक गावावरून पाहू.

गावात १००० मोठी माणसं. ९०० जणांनी लस घेतली, १०० जणांनी नाही. समजा, लस नसताना साथीत दर १०० पैकी १० जणांना रुग्णालय गाठावं लागतं आणि लस तो धोका ९० टक्क्यांनी कमी करते.

लस न घेतलेले १०० आहेत, त्यातले १० दाखल होतील. लस घेतलेले ९०० आहेत, त्यांचा धोका १०० ला १, म्हणजे ९ दाखल होतील. एकूण १९ रुग्ण आणि त्यात ९ लस घेतलेले. झाले की जवळपास निम्मे!

मेसेज पाठवणारा खाटा मोजतो, पण किती माणसांतून किती जण आले हे मोजत नाही. आपल्याकडे जितक्या जास्त लोकांनी लस घेतली, तितके लस घेतलेले रुग्ण जास्त दिसणारच. गावातल्या हजारच्या हजार जणांनी लस घेतली असती तर दाखल झालेले सगळे ‘लस घेतलेले’च असते, पण ते १९ नाही, फक्त १० असते. लसच नसती तर तेच १०० झाले असते.

ओमायक्रॉनने काय बदललं?

महाराष्ट्रातला पहिला ओमायक्रॉन रुग्ण ४ डिसेंबर २०२१ ला डोंबिवलीत सापडला. कळंबकरांसाठी डोंबिवली परदेश नाही. नेरळला लोकल पकडायची, बदलापूर, अंबरनाथ, कल्याण मागे टाकलं की डोंबिवली. रोज ये-जा करणारे कितीतरी. पुढच्या महिन्यात काय झालं ते सगळ्यांना आठवतं. मुंबईत ७ जानेवारी २०२२ या एकाच दिवशी २० हजारांवर नवे रुग्ण नोंदले गेले. दुसऱ्या लाटेतला मुंबईचा सर्वांत मोठा दिवस ११ हजारांच्या घरातला होता. म्हणजे रुग्ण जवळपास दुप्पट, पण एप्रिल २०२१ सारखी ऑक्सिजनची धावपळ दिसली नाही.

ओमायक्रॉनने विषाणूवरच्या काट्यात, म्हणजे स्पाइक प्रथिनात, तीसहून अधिक बदल केले होते. जुन्या अँटिबॉडीची पकड त्या काट्यावर नीट बसेना. ब्रिटनमधल्या नोंदींनुसार, आपल्याकडे कोव्हिशील्ड नावाने मिळाली त्याच लशीच्या दोन डोसनंतर पाच-सहा महिन्यांनी ओमायक्रॉनच्या लक्षणांपासूनचं संरक्षण जवळजवळ उरलं नव्हतं. गंभीर आजारापासूनचं संरक्षण मात्र तसं कोसळलं नाही. याची दोन कारणं. टी पेशी विषाणूच्या अनेक तुकड्यांवरून त्याला ओळखतात आणि त्यातले बहुतेक तुकडे बदललेले नव्हते. शिवाय स्मृतिपेशी लस टोचल्यानंतरही कित्येक महिने लसिका ग्रंथींत घासून-पुसून सुधारत राहतात. त्यामुळे थोड्या बदललेल्या विषाणूलाही पकडणाऱ्या काही पेशी साठ्यात असतात.

“ओमायक्रॉन मुळातच सौम्य होता, लशीचं कसलं कौतुक?” हाही प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. ओमायक्रॉन फुफ्फुसांत डेल्टाइतका खोल जात नव्हता, हे खरं. पण २०२२ च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये हाच ओमायक्रॉन पसरला, तेव्हा तिथल्या बऱ्याच वृद्धांनी लस घेतलेली नव्हती आणि आधीच्या लाटांत फारसा संसर्गही झाला नव्हता. त्यांच्या शरीरात या विषाणूची आठवणच नव्हती. काही महिन्यांत ९ हजारांहून अधिक माणसं गेली, त्यात बहुसंख्य वृद्ध होते. आपल्याकडे मात्र जून-जुलै २०२१ च्या राष्ट्रीय सेरोसर्व्हेतच ६७.६ टक्के लोकांच्या रक्तात अँटिबॉडी सापडल्या होत्या. काहींच्या लशीमुळे, पुष्कळांच्या दुसऱ्या लाटेतल्या संसर्गामुळे. ती दुसऱ्या प्रकारची आठवण आपल्याला फार महाग पडली, हे कुणाला सांगायला नको.

अँटिबॉडी टेस्ट करून काय कळतं?

“टायटर कमी आलंय, म्हणजे माझी प्रतिकारशक्ती संपली का?” असं अनेक जण विचारतात. अँटिबॉडी टेस्ट रक्तातलं उभं पीक मोजते. एनआयव्हीने मे २०२० मध्ये तयार केलेलं ‘कोविड कवच’ किटही अँटिबॉडीच शोधत होतं. कणगीतलं बियाणं या टेस्टला दिसत नाही. स्मृतिपेशी आणि टी पेशी मोजायच्या तर जिवंत पेशी वेगळ्या काढून प्रयोगशाळेत तपासाव्या लागतात. ते काम संशोधनात होतं, कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये नाही. म्हणून टायटर कमी याचा अर्थ एवढाच, की आज पुन्हा संसर्ग होण्याची शक्यता वाढली आहे. गंभीर आजाराबद्दल तो आकडा फार कमी सांगतो.

आठवण किती वर्षं टिकते?

याचं सर्वांत सुंदर उत्तर १८४६ सालचं आहे. उत्तर अटलांटिक महासागरातल्या फेरो बेटांवर गोवराची साथ आली. तिथे त्याआधीची साथ १७८१ मध्ये येऊन गेली होती, मधली ६५ वर्षं बेटांवर गोवर नव्हता. सुमारे ७८०० लोकांपैकी ६ हजारांच्या आसपास लोकांना गोवर झाला. पेटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरने घरोघर चौकशी केली. त्याच्या लक्षात आलं की १७८१ मध्ये गोवर झालेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो दुसऱ्यांदा झाला नव्हता. तेव्हा कुणाला विषाणू माहीत नव्हते, पेशींचं हे ज्ञान तर दूरच.

श्वसनाच्या इतर विषाणूंचंही असंच दिसलंय. १९१८ च्या फ्लूच्या साथीतून वाचलेल्या लोकांच्या रक्तात ९० वर्षांनी त्या विषाणूला ओळखणाऱ्या बी पेशी सापडल्या. २००३ च्या सार्समधून बऱ्या झालेल्यांच्या टी पेशी १७ वर्षांनीही त्याला ओळखत होत्या. फरक एवढाच, की गोवराचा विषाणू आपलं रूप फारसं बदलत नाही आणि फ्लू-कोविड बदलत राहतात. आठवण पक्की असली तरी समोरचा वेश बदलून येतो. म्हणून फ्लूच्या लशीत कोणते प्रकार घालायचे हे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा ठरवते.

मग आपण काय लक्षात ठेवायचं?

वय ६० च्या पुढे असेल, मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल, कॅन्सरचे उपचार चालू असतील किंवा अवयव प्रत्यारोपण झालं असेल, तर आठवण तयार होणं आणि ती वेळेवर जागी होणं दोन्ही मंदावतं. अशांनी पुढचा डोस घ्यायचा का, कोणता घ्यायचा, हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावं. घरात असं कुणी असेल तर सर्दी-खोकला झालेल्याने मास्क लावणं आणि चार दिवस जवळ न जाणं यात काही जुनं झालेलं नाही. तुमच्या शरीरात आठवण असली तरी पहिले दोन-तीन दिवस तुमच्या नाकातला विषाणू दुसऱ्यापर्यंत पोहोचू शकतो.

‘लस फेल’ असा मेसेज आला की पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी विचारा. नुसता संसर्ग मोजलाय की गंभीर आजार? किती लस घेतलेल्यांची किती न घेतलेल्यांशी तुलना केलीय? शेवटच्या डोसला किती महिने झाले होते? बहुतेक मेसेज पहिल्याच प्रश्नाला अडखळतात.

आणि कोविडवरून काढलेला निष्कर्ष बाळाच्या लशीला लावू नका. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत, सरकारी केंद्रात मोफत मिळतो. नवव्या महिन्यातला एकच डोस साधारण ८५ टक्के मुलांचं संरक्षण करतो, दुसरा डोस उरलेल्यांतल्या बहुतेकांना सुरक्षित करतो. गोवराचा विषाणू संथ, त्याचं रूप जवळपास कायम आणि शरीराची आठवण दीर्घ. म्हणजे ज्या शर्यतीत कोविड पहिली फेरी जिंकतो, त्या शर्यतीत गोवर बहुधा पहिल्या फेरीतच हरतो. फक्त शर्यत सुरू होण्याआधी बियाणं पेरलेलं हवं. बाळाचं लसीकरण कार्ड एकदा काढून बघा, दुसऱ्या डोसचा रकाना रिकामा असेल तर येत्या लसीकरणाच्या दिवशीच तो भरून घ्या.